लाळ कमी करायची गोळी कुणी घेतली आहे का? (पार्किन्सन, वय ६८)

निवृत्तकॅशिअर, जेलरोड

नमस्कार मंडळी. पार्किन्सनचं निदान होऊन बरीच वर्षं झाली. हाताचा कंप, दारातून वळताना पाय चिकटणं, मुंगीएवढं झालेलं अक्षर, या सगळ्यांशी माझं आता जमून गेलंय. प्रश्न लाळेचा आहे.

माझा जन्म एका सहकारी बँकेत कॅशच्या खिडकीत गेला. नोटा मोजताना बोट ओलं करायला शेजारी स्पंजची डबी असायची. आता डबीची गरज उरली नाही. हसा, मीही हसतो. पण सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला मान खाली घातली की डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून सुरू होतं, आणि थेंब पडतो तो नेमका जो चौकोन भरायचा त्यातच. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही, जोर दिला तर कागद फाटतो. बायको म्हणाली पेन्सिल घ्या. पेन्सिलचीही तीच गत.

खरी पंचाईत भजनाची. दर गुरुवारी आमचं मंडळ बसतं, पेटी माझ्याकडे असते. द्रुत लयीत बोटं फिरत नाहीत, पण सूर धरून ठेवता येतो आणि मंडळींना तेवढं पुरतं. पेटीवर वाकलं की लाळ थेट पट्ट्यांवर. मांडीवर एक रुमाल, खिशात दुसरा, तरी शेजारचा टाळकरी हळूच नॅपकिन पुढे सरकवतो. तो काही बोलत नाही. एकदा बोलला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर (न्यूरॉलॉजिस्ट) म्हणाले, तुमच्या तोंडात लाळ जास्त तयार होतच नाही. धडधाकट माणसाच्या तोंडातही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ होते, तो ती नकळत गिळत राहतो. पार्किन्सनमध्ये हे नकळत गिळणं मंदावतं, म्हणून ती साठते आणि बाहेर येते. मी म्हटलं, मग गुन्हा गिळण्याचा आणि शिक्षा लाळेला? ते हसले. म्हणाले, गिळणं लगेच सुधारेल अशी गोळी माझ्याकडे नाही, लाळ कमी करायची आहे.

पूर्वी कंपासाठी मला ट्रायहेक्सीफेनिडिल होती. तेव्हा तोंड एवढं गळत नव्हतं. पण मी समोरच्या बिल्डिंगमधल्यांची नावं विसरायला लागलो, आणि संध्याकाळी हॉलमध्ये नसलेली माणसं बसलेली दिसायला लागली. ती बंद केली, माणसं गेली, लाळ आली. आता ग्लायकोपायरोलेट सुरू केलीय. ही त्याच जातीची आहे पण मेंदूत फारशी शिरत नाही, म्हणून निवडली असं सांगितलं.

गोळीने काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. भजनाला रुमाल कोरडा घरी आला. पण बाकीचंही सगळं कोरडं झालंय. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरतो, ताकाचा घोट घेतल्याशिवाय खाली जात नाही. वरची कवळी सुटायला लागली, ‘विठ्ठल’ म्हणताना खट् वाजते. पोटाचा त्रास पार्किन्सनमुळे आधीच होता, तो दुप्पट झाला. आणि रात्री लघवीला उठलं की नुसतं उभं राहायचं, सुरूच होत नाही. प्रोस्टेट थोडी मोठी आहे हे जुन्या रिपोर्टात आहे.

ज्यांनी ही गोळी घेतली किंवा घरच्यांना दिली त्यांनी सांगावं: कधी घेता, किती टिकते, हा कोरडेपणा नंतर कमी होतो का? गालात इंजेक्शन देतात असंही ऐकलंय, ते कुणी घेतलंय का? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच उत्तर नको. विचारणारच आहे, पुढच्या आठवड्यात नंबर आहे. जाऊन काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितोय.


ओमची_आई, सातपूर

काका, माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय नऊ. तुमचा रुमाल तशी आमची लाळेरी. जुन्या सुती साड्या फाडून मी शिवायचे, दोरीवर लाळेऱ्यांचीच रांग. शर्ट छातीपर्यंत ओला, हनुवटीखालची कातडी सोललेली, त्यावर खोबरेल तेल लावलं की तो ओरडायचा. शाळेत बाकावर शेजारी कुणी बसेना तेव्हा मी डॉक्टरांच्या मागे लागले.

आम्हाला ग्लायकोपायरोलेटच दिली. लहान मुलांसाठी हे औषध नवीन नाही. अमेरिकेत २०१० साली याचं पातळ औषध ३ ते १६ वर्षांच्या अशाच मुलांसाठी मंजूर झालं. आम्हाला गोळी मिळते, ती वजनावर हिशोब करून डॉक्टर ठरवतात आणि मी बारीक करून पाण्यातून देते. मेडिकलमध्ये आधी सांगून ठेवावी लागते.

वेळेचं तुम्ही विचारलंत. जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पोट भरलेलं असेल, त्यातून तेलकट-तुपकट खाल्लेलं असेल, तर औषध नीट अंगी लागत नाही. सुरुवातीला मी दुधाबरोबर द्यायचे, फरकच पडेना. डॉक्टरांनी वेळ बदलायला सांगितली तेव्हा लाळ आटली.

आता उन्हाळ्याचं सांगते, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सर्वांत आधी विचारायला हवं. गेल्या एप्रिलात लग्नाहून भर दुपारी रिक्षाने येत होतो. शालिमारला सिग्नलवर थांबलो तर ओमचा चेहरा तांबडालाल, अंग चटका बसेल इतकं गरम, आणि मानेवर, काखेत घामाचा टिपूस नाही. मी स्वतः घामाने निथळत होते. रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला, ओढणी ओली करून त्याला गुंडाळलं आणि रिक्षा थेट दवाखान्यात वळवली. तिथे कळलं की हे औषध लाळेच्या ग्रंथींना थांबवतं तसंच घामाच्या ग्रंथींनाही थांबवतं. घाम नाही म्हणजे अंग गार व्हायचा मार्ग बंद. तेव्हापासून आमच्या डॉक्टरांनी एप्रिल-मेचा डोस वेगळा लिहून दिलाय आणि दुपारी आम्ही घराबाहेर पडत नाही. नाशिक थंड म्हणतात ते आता जुन्या लोकांनी म्हणायचं.

आणखी एक. लाळ कमी झाली की उरलेली चिकट होते, तार धरते. ओमच्या घशात ती अडकून खोकला यायचा. पाणी जास्त पाजायला लागल्यावर बरं झालं. कोरडेपणा आपोआप गेला नाही, डोस थोडा खाली आणला तेव्हा गेला. हनुवटी पूर्ण कोरडी नाही आता, पण दिवसाला दोन-तीन लाळेऱ्यांत भागतं आणि बाकावर एक मित्र बसतो.


गोदाकाठ

एवढ्या गोळ्या कशाला? आमच्याकडे गावी म्हातारी माणसं धोत्र्याचं बी अगदी थोडं द्यायची, तोंडाचं पाणी लगेच बंद. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. काकांनी करून बघावं.


मेडिकलवाला_पंचवटी

गोदाकाठ, हे कृपा करून कुणाला सांगू नका. धोत्र्याने तोंड कोरडं पडतं हे खरं, कारण त्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं. म्हणजे औषधाच्याच जातीचं रसायन, फक्त एका बीत किती आहे ते कुणालाच माहीत नाही. एका झाडाचं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. जास्त झालं की माणूस बडबडायला लागतो, ताप चढतो, छाती धडधडते, लघवी अडकते, आणि यातून माणसं दगावतातही. काकांना आधीच एकदा नसलेली माणसं दिसून झालीत. धोत्रा पिंडीवर वाहावा, पोटात घेऊ नये.

काका, मी डॉक्टर नाही, काउंटरच्या या बाजूचा माणूस आहे. पण तुमच्यासारखी चिठ्ठी आली की मी एक गोष्ट हटकून विचारतो: बाकी काय काय चालू आहे? तोंड कोरडं करणाऱ्या गोळ्या घराघरांत असतात आणि त्यांची बेरीज होते. सर्दीची झोप आणणारी गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीला होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन. प्रत्येक डॉक्टरने आपापलं बरोबर लिहिलेलं असतं, एकत्र कुणी बघत नाही. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. नावं सांगू नका, पट्ट्या दाखवा.

काचबिंदू असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. पोटॅशियमची गोळी चालू असेल तर तेही, कारण आतडी मंदावली की ती गोळी एका जागी रेंगाळते आणि तिथे जखम करू शकते. आणि पार्किन्सनसाठीची तुमची नेहमीची गोळी, लेव्होडोपा: तोंड कोरडं करणाऱ्या या जातीच्या औषधांनी पोट रिकामं व्हायला उशीर लागतो, त्यामुळे लेव्होडोपाचा असर उशिरा आल्यासारखा वाटतो का, ते वेळ लिहून ठेवून बघा. कॅशिअर आहात, वही तुम्हाला जमेल.

इंटरनेटवर हेच नाव दम्याच्या पंपात आणि ऑपरेशनच्या इंजेक्शनात बघून लोक घाबरून येतात. औषध तेच आहे. भूल देताना तोंडातले आणि श्वासनलिकेतले स्राव कमी राहावेत म्हणून ते वापरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

लघवीचं मात्र पुढच्या आठवड्यावर ठेवू नका, उद्या फोन करा. पूर्ण अडकली तर रात्री कॅथेटर घालायला पळावं लागतं.


सिन्नरफाटा

माझ्या मोठ्या भावाला क्लोझापिन चालू आहे. मानसिक आजाराचं औषध. त्याने दादा माणसात आला, नोकरीवर जायला लागला, म्हणून ते सोडायचा विषयच नाही. पण रात्री उशी भिजते म्हणजे किती, तर सकाळी उशी उन्हात टाकावी लागते. आम्ही उशीवर पंचा चार पदरी घालतो. झोपेत लाळ घशात जाऊन तो ठसकून उठायचा, त्याची जास्त भीती.

डॉक्टरांनी आधी डोळ्यांचे ॲट्रोपिनचे थेंब दिले, जिभेखाली टाकायला. मेडिकलवाला बाटलीकडे आणि चिठ्ठीकडे आळीपाळीने बघत होता. म्हणाला, डोळ्यात ना? मी म्हटलं, तोंडात. त्याने डॉक्टरांना फोन लावल्यावरच दिलं, आणि बरोबरच केलं. थेंबांचा उपयोग व्हायचा, पण काही तासच. पहाटे परत ओलं. काका, तुमचा भासांचा अनुभव वाचला म्हणून सांगतो, ॲट्रोपिन मेंदूत शिरतं. कुणी थेंब सुचवले तर तो प्रकार आधी सांगा.

मग रात्री एकच ग्लायकोपायरोलेट. लाळ निम्म्यावर आली. पण क्लोझापिननेच पोट साफ होत नाही आणि त्यावर ही गोळी. तीन दिवस शौचाला झालं नाही, पोट फुगलं, उलटी झाली, तेव्हा दादाला ॲडमिट केलं. क्लोझापिनवर आतडी पूर्ण थांबून जीवावर बेतू शकतं, हे आम्हाला तिथे कळलं. आता कॅलेंडरवर आईच खूण करते, झालं की बरोबर, नाही झालं की फुली. दोन फुल्या लागोपाठ आल्या की डॉक्टरांना फोन. दादा चिडतो, म्हणतो माझी इज्जत भिंतीवर टांगलीय. चिडू दे.


गंगापूररोडची_सूनबाई

इंजेक्शनबद्दल विचारलंत म्हणून. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन आहे आणि त्यांना काचबिंदूही, म्हणून गोळी पहिल्यापासून बाद. त्यांना बोटुलिनम टॉक्सिन दिलं. हो, तेच सुरकुत्यांवालं. हे कळल्यावर आत्यांनी फोन करून विचारलं, ‘या वयात?’ लाळेसाठी अमेरिकेत २०१८ पासून याला रीतसर मंजुरी आहे.

कानाच्या पुढे गालात एक ग्रंथी असते आणि जबड्याच्या हाडाखाली दुसरी, दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी टोचतात. आपण काही खात नसताना तोंडात जी लाळ झिरपते त्यातली बहुतेक जबड्याखालच्या ग्रंथींची. आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लावून सुई कुठे जातेय ते पडद्यावर बघत दिलं. बारीक सुई, रक्त तपासायला घेतात तेवढाच त्रास. तास-दोन तासांत घरी.

लगेच काही झालं नाही. सासूबाई रोज सकाळी आरशात बघून ‘पैसे पाण्यात’ म्हणायच्या. आठवडा उलटल्यावर फरक जाणवला आणि जवळजवळ तीन महिने टिकला. त्यांना बद्धकोष्ठ नाही, विसरभोळेपणा वाढला नाही, कारण औषध अंगभर फिरत नाही. दुसऱ्या वेळी डोस वाढवला तेव्हा मात्र काही दिवस चहा पिताना ठसका लागायचा. गिळायचे स्नायू तिथे शेजारीच असतात, औषध जरा पसरलं की ते ढिले पडतात. तेवढे दिवस चहा चमच्याने, पातळ वरण बंद, मऊ खिचडी. पुढच्या खेपेला डोस परत खाली आणला.

महाग आहे, आणि आमच्या विमा कंपनीने ‘सौंदर्योपचार’ म्हणून क्लेम परत पाठवला. सासऱ्यांनी सासूबाईंचा फोटो जोडून पत्र लिहायला घेतलं होतं, आम्ही थांबवलं. काका, गिळायला आधीच खूप त्रास होत असेल तर इंजेक्शनच्या आधी ते तपासून घ्या. आमच्याकडे आधी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं होतं.


निवृत्तकॅशिअर, जेलरोड

मंडळी, आभार. मेडिकलवाले दादांनी दटावलं म्हणून दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि नंबराची वाट न बघता गेलो. पिशवीभर पट्ट्या टेबलावर ओतल्या. त्यात सर्दीची गोळी निघाली, हिवाळ्यापासून मी रात्री घेत होतो, झोप छान लागते म्हणून. डॉक्टरांनी ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावरही पिशवीत बरीच शिल्लक राहतेय. रोजची ग्लायकोपायरोलेट बंद. लघवी मोकळी झाली, परत मोजून बघितलं आणि मग ठरलं ते असं: एक छोटी गोळी, फक्त गुरुवारी दुपारी आणि लग्नकार्य असेल तेव्हा, जेवणानंतर दोन तासांनी. उन्हाळ्यात बाहेरचा कार्यक्रम असेल तर तीही नाही. ओमच्या आई, तुमची शालिमारची हकीकत मी त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवली.

बाकी दिवशी ओला राहणार. पण भाकरी गिळता येते आणि कवळी बसते. चार दिवस कोरड्या तोंडाने जेवून बघितल्यावर मला हा व्यवहार पटला. बायकोला नाही पटला, तिला उशीचे अभ्रे धुवावे लागतात.

स्पीच थेरपिस्टबाई भेटल्या. वय माझ्या नातीपेक्षा थोडं जास्त असेल, पण दम देतात. बोलायच्या आधी गिळा, ओठ मिटून गिळा, हनुवटी वर. फोनवर दर काही मिनिटांनी थरथर लावून दिलीय, थरथरला की गिळायचं. खिशातला फोन थरथरतोय की माझा हात, हे पहिले दोन दिवस कळत नव्हतं. च्युइंगम सुचवलं होतं, कवळीमुळे बाद. बिनसाखरेची गोळी चघळतो, त्याने गिळायची आठवण राहते. लेव्होडोपाचा असर भरात असतो तेव्हा लाळ कमी गळते हे वहीत लिहिल्यावर दिसलं, म्हणून भजनाआधीच्या डोसची वेळ डॉक्टरांनी थोडी पुढे घेतली.

आणि सर्वांत जास्त फायदा कशाने झाला सांगू? पेटी टेबलावर आली. मी खुर्चीत, मान सरळ. यावर मंडळात चांगला तासभर वाद झाला. माऊलींसमोर खुर्चीत कसं बसायचं, असं एका ज्येष्ठांचं म्हणणं. शेवटी त्या टाळकऱ्यानेच स्वतःच्या घरून टेबल आणून ठेवलं. ज्येष्ठ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सूनबाई, इंजेक्शनचं डोक्यात आहे. एक विचारायचं होतं. मला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सासूबाईंना तशी काही होती का? टोचायच्या आधी थांबवली होती?


गंगापूररोडची_सूनबाई

त्यांना नाही काका, पण फॉर्मवर तोच पहिला प्रश्न होता. शेजारी बसलेल्या आजोबांना चालू होती. त्यांना हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायला सांगितलं, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका असं बजावून. तुम्हीही आधी ती चिठ्ठी घ्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. जाताना पुढून बटणं असलेला शर्ट घाला, डोक्यातून काढायचा नको. गालावर जेल फासतात.